वसतिगृहात पाठवलं तर मुलगा आमचा राहील का?

"तिकडे सगळी मुलं हातवारे करतात. आमचा बोलतो. तिथं राहून बोलणं विसरला, तर आमच्याशी बोलणार कसा?"

कर्णबधिर मुलांच्या निवासी माध्यमिक शाळेचा अर्ज समोर ठेवून एका आईनं आम्हाला, म्हणजे अशा प्रवेशासाठी पालकांना सल्ला देणाऱ्यांना, विचारलेला हा प्रश्न. ऐकू येणारे आईवडील या ना त्या शब्दांत हेच विचारतात, आणि कर्णबधिर मुलांमध्ये दहातल्या नऊहून अधिक मुलांचे आईवडील ऐकू येणारेच असतात. (ओळख पटेल असे तपशील इथं बदलले आहेत.)

मुलगा चौदा वर्षांचा. दोन्ही कानांत 85 डेसिबलच्या पुढे श्रवणदोष (म्हणजे त्याहून हळू आवाज यंत्राशिवाय ऐकूच येत नाहीत), निदान तिसऱ्या वर्षी, तेव्हापासून दोन्ही कानांना यंत्रं. सामान्य शाळेत पहिल्या बाकावर बसणारा. पाचवीपर्यंत गाडी बरी चालली, मग दरवर्षी गुण घसरत गेले. घरच्यांनी आळस धरला, वय धरलं, मोबाइल धरला. खरं कारण साधं होतं. प्राथमिक वर्गात एकच शिक्षिका असते, तिच्या ओठांची सवय होते, पुस्तकातली वाक्यं छोटी असतात आणि शेजारी चित्र असतं. पुढं प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक येतात, फळ्याकडे तोंड करून बोलतात, मागच्या बाकावरचा मुलगा उत्तर देतो ते याला दिसतही नाही. नेहमीचं बोलणं साधारण 60 डेसिबलचं असतं. यंत्र ते मोठं करून देतं, पण आतला कान जिथं आवाज वेगळे काढू शकत नाही तिथं ते नुसतं मोठं होतं, स्पष्ट होत नाही. उरतं ओठ वाचणं. आरशासमोर आवाज न काढता पापा, बाबा, मामा म्हणून बघा. तिन्ही सारखेच दिसतात. वर्गात दिवसभर हे मूल असे अंदाज बांधत बसलेलं असतं.

'बोलतो' हे आईचं म्हणणं खोटं नव्हतं. आईचं त्याला कळत होतं, त्याचं आईला कळत होतं. पण वडिलांनी आमच्यासमोर विचारलं, "तुला तिकडच्या शाळेत जायचंय ना?" तर त्यानं मान डोलावली. "तिथं गेल्यावर पहिल्या दिवशी काय काय होईल असं वाटतं?" असं आम्ही विचारलं, तेव्हाही त्यानं तशीच मान डोलावली. ज्याला प्रश्न कळला नाही त्याच्या होकाराला अर्थ नसतो. म्हणून पुढच्या भेटीला सांकेतिक भाषेचा दुभाषा बोलावला आणि सोबत चित्रं, कागद, नकाशा घेतला. मुलाला खुणा थोड्याच येत होत्या, तरी तासाभरात त्याचे प्रश्न बाहेर आले. सुट्टीत परत येता येतं का? बहीण पण येणार का? आणि, गणितात नापास झालो म्हणून मला पाठवताय का? घरात तीन महिने हा विषय चालू होता. जेवताना चालायचा, फोनवर चालायचा. त्यानं "काय?" विचारलं की "नंतर सांगते" असं उत्तर मिळायचं. त्या 'नंतर'ची जागा त्यानं स्वतःच्या कल्पनेनं भरली होती.

आईच्या भीतीचं उत्तर यातच आहे. मूल घरापासून तुटतं ते बहुतेक वेळा घरात बसूनच, जेवणाच्या पंगतीत. वसतिगृहाचं अंतर त्यात फार तर भर घालतं.

खुणा शिकल्या की बोलणं संपतं, ही समजूत जुनी आहे. 1880 साली मिलानमध्ये कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली, तिथं खुणांऐवजी बोलण्यातूनच शिकवावं असा ठराव झाला आणि पुढं कित्येक दशकं असंख्य शाळांतून मुलांचे हात अडवले गेले. त्याच परिषदमालेनं 2010 मध्ये व्हँकुव्हरला त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. मधल्या काळात, 1960 पासून, सांकेतिक भाषांना स्वतःचं व्याकरण असतं हे भाषाशास्त्रानं दाखवून दिलं. आमचा अनुभवही तोच सांगतो: एक भाषा पक्की असली की दुसरीला आधार मिळतो. बोलणं मागं पडतं ते यंत्र पेटीत पडून राहिलं, सराव थांबला आणि बोलायला कुणी उरलं नाही म्हणून. त्यामुळे शाळेला विचारायचं ते हे: वाचा उपचार आठवड्यातून किती वेळ मिळतो? एकेकट्याला की गटात? यंत्र रोज सकाळी तपासतं कोण?

आता अर्ज. प्रवेशाच्या आधी दहा-बारा महिने कामाला लागावं, कारण अर्ज लिहायला एक दिवस पुरतो, पण तपासण्यांच्या तारखा मिळायलाच वेळ जातो. बहुतेक शाळा वर्षाच्या आतला ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणतपासणीचा आलेख, मागतात. इथं हमखास घोटाळा होतो. पालक यंत्राशिवायचा एकच आलेख जोडतात. शाळेला यंत्र लावून काढलेला आलेखही हवा असतो, आणि त्याहून महत्त्वाचा असतो शब्द ओळखण्याचा गुणांक, म्हणजे पुरेशा मोठ्या आवाजात शब्द ऐकवले तर किती टक्के नीट ओळखता येतात तो. डेसिबलचा आकडा सारखा असलेल्या दोन मुलांत हा गुणांक जमीन-अस्मानाइतका वेगळा निघू शकतो, आणि वर्गात कसं शिकवायचं हे त्यावर ठरतं. तपासणीची वेळ घेतानाच तिन्ही गोष्टी सांगाव्यात, नाहीतर पुन्हा रांग.

मानसशास्त्रीय अहवाल मागितला असेल तर चाचणी शब्दांवर न चालणारी असावी: रेव्हनच्या आकृत्या किंवा लायटर या चाचण्यांसारखी, जिथं मूल न बोलता आकृत्या बघून उत्तर दाखवतं. तोंडी प्रश्नांच्या चाचणीत कर्णबधिर मुलाचे गुण कमी येतात ते भाषेमुळे, पण अहवालात 'बौद्धिक क्षमता कमी' असा शेरा बसतो आणि तो कागद मुलाच्या मागं वर्षानुवर्षं फिरतो. चाचणी कोणती घेतली, सूचना कोणत्या भाषेत दिल्या आणि दुभाषा होता का, हे अहवालात लिहून घ्यावं. या मुलाच्या जुन्या अहवालात यातलं काहीच नव्हतं. नव्यानं आकृत्यांची चाचणी घेतल्यावर तो वयाच्या मानानं व्यवस्थित निघाला. जुना अहवाल अर्जाला जोडायचा की नाही यावर वडिलांशी बराच वाद झाला. आमचं मत होतं की दोन्ही जोडा आणि फरकाचं कारण तज्ज्ञाकडून दोन ओळींत लिहून घ्या. लपवलेला कागद पुढं सापडला तर शंका वाढते.

डोळ्यांची तपासणी यादीत नसली तरी करावी. ज्या मुलाला डोळ्यांनी शिकायचं आहे त्याचा चष्म्याचा नंबर चुकीचा असणं म्हणजे दुसरा श्रवणदोषच. शिवाय अशर सिंड्रोममध्ये जन्मजात बहिरेपणाबरोबर दृष्टिपटल हळूहळू निकामी होत जातं. मूल उशिरा चालायला लागलं असेल, तोल जात असेल, अंधुक उजेडात अडखळत असेल तर नेत्रतज्ज्ञाला 'दृष्टिपटल तपासा' असं स्पष्ट सांगावं. संध्याकाळी वसतिगृहाच्या जिन्यावर असं मूल पडतं आणि धांदरट ठरतं.

अर्जातला 'संवादाचं माध्यम' हा रकाना पालक अभिमानानं भरतात. इथंही 'बोलून' एवढंच लिहिलं होतं. ते खोडून असं लिहिलं: घरी समोरासमोर, शांत खोलीत, ओळखीच्या माणसाशी बोलून समजतं; गटात आणि अनोळखी माणसाशी बोलून समजत नाही; लिहिलेली छोटी वाक्यं समजतात, खुणा थोड्या, शिकण्याची इच्छा आहे. असा रकाना वाचला की त्याला कोणत्या वर्गात, कुणाच्या खोलीत ठेवायचं हे शाळेला ठरवता येतं.

लेखनाच्या नमुन्याचं तसंच. मुलानं लिहिलं होतं: 'काल मी शाळा गेला. सर राग. मी का समजला नाही.' बहिणीनं ते सुधारून सुरेख परिच्छेद केला. आम्ही मूळ कागद मागवला. त्या तीन वाक्यांतून अनुभवी शिक्षकाला कळतं की घटनांचा क्रम पक्का आहे, शब्द आहेत, प्रत्यय आणि क्रियापदाची रूपं नाहीत, म्हणजे काम कुठून सुरू करायचं. सुधारलेला कागद गेला असता तर मूल वरच्या गटात बसलं असतं आणि दिवाळीआधीच गळपटलं असतं. दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मागितला असेल तर कमरेपासून वर चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा, उजेड समोरून, मागं साधी भिंत, आणि कॅमेऱ्यामागून कुणीही सुचवायचं नाही.

मुलाखतीत आईनं उत्तरं देऊ नयेत, हे सांगून समजतं पण जमत नाही. म्हणून आईची खुर्ची मुलाच्या मागं ठेवायला सांगितली. समोर असली की तो शिक्षकांऐवजी तिचेच ओठ बघत बसतो.

शाळा बघायला जाताना इमारत, मैदान, संगणक कक्ष याला फार महत्त्व देऊ नका. मधल्या सुट्टीत उभं राहा. शिक्षक आपसात बोलताना, बाजूला मुलं असताना, खुणा करतात का? कर्णबधिर प्रौढ माणसं नोकरीला आहेत का, आणि शिपायाच्या जागेवरच की शिक्षकाच्याही? रात्रपाळीच्या वसतिगृह प्रमुखाला सांकेतिक भाषा येते का? दिवसा उत्तम शिकवणाऱ्या शाळेत रात्री दहानंतर मुलाशी बोलू शकणारं एकही मोठं माणूस नसतं, असं घडतं. पोटात दुखतंय हे तो कुणाला सांगणार? आगीची सूचना लुकलुकणाऱ्या दिव्यानं आणि उशीखाली थरथरणाऱ्या यंत्रानं मिळते की फक्त भोंगा आहे? तो दिवा न्हाणीघरात आहे का?

आणखी एक प्रश्न विचारायला पालक संकोचतात, तो आम्ही विचारायलाच लावतो. संवाद अवघड असलेल्या मुलांना छळ आणि लैंगिक अत्याचाराचा धोका जास्त असतो, कारण त्यांना सांगता येणार नाही हे करणाऱ्याला माहीत असतं. तक्रार कुणाकडे करायची, आणि ती वसतिगृह प्रमुखाला वगळून करता येते का? घरच्यांशी व्हिडिओ कॉल एकांतात होतो की कार्यालयात सर्वांसमोर? मुलाला शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं आणि 'नको', 'दुखलं', 'त्यानं केलं' हे खुणांत नि लिहून यायला हवं. ते जायच्या आधी घरी शिकवायचं.

शिक्षणाची पातळीही विचारावी. काही शाळा अवघड विषय गाळून सोप्या विषयांवर मुलांना शेवटच्या परीक्षेला बसवतात. निकाल शंभर टक्के लागतो आणि पुढचे अभ्यासक्रम बंद होतात. मागच्या तीन वर्षांत बाहेर पडलेली मुलं आज काय करतात, हे विचारलं की खरं चित्र कळतं. उत्तर मोघम आलं तर दुसरी शाळा बघावी. गावातल्या शाळेत चांगला दुभाषा, रिमोट माइक (शिक्षकाचा आवाज थेट मुलाच्या यंत्रात पोचवणारा) आणि सोबतीला दोन-चार कर्णबधिर मुलं असतील तर निवासी शाळेची गरजच नसते, हेही सांगायला हवं.

या मुलाला प्रवेश मिळाला, पण एक इयत्ता खाली, भाषेच्या पायाभरणीसाठी. वडिलांना ते वर्ष वाया गेल्यासारखं वाटलं. आम्ही त्यांना सहावीचं विज्ञानाचं पान मुलाला वाचायला द्यायला सांगितलं. अर्ध्या तासानं ते स्वतःच म्हणाले, खाली बसू दे. जुन्या शाळेतून दाखला मात्र नव्या शाळेचं लेखी पत्र हातात आल्यावरच काढायला लावला. तोंडी होकारावर दाखला काढून दोन्ही जागा घालवलेली कुटुंबं आहेत.

सामानात यंत्राच्या बॅटऱ्या पूर्ण सत्राच्या हव्यात. 13 नंबरची झिंक-एअर बॅटरी वापराप्रमाणे साधारण एक ते दोन आठवडे जाते आणि चिकटपट्टी काढली की वापरा-न वापरा संपू लागते, म्हणून आधीच सगळ्या सोलून ठेवू नयेत. ओलावा शोषणारी डबी, सुटी नळी, आणि नव्या मापाचे इअरमोल्ड, म्हणजे कानात बसणारे साचे. या वयात कान वाढतो, मोल्ड सैल होतो, यंत्र शिट्टी मारू लागतं आणि मूल वैतागून ते काढून ठेवतं. कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेनं आतल्या कानात बसवलेलं श्रवणयंत्र) असेल तर जादा केबल, कॉइल आणि इम्प्लांटचं ओळखपत्र. मॅपिंगची, म्हणजे इम्प्लांटच्या आवाजाची जुळणी करण्याची, पुढची तारीख शाळेच्या दवाखान्यात लिहून द्यावी.

घरच्यांसाठी गृहपाठ होता: आई, वडील, बहीण, तिघांनी रोज वीस मिनिटं सांकेतिक भाषा, तीही मुलाकडूनच शिकायची. बहीण लवकर तयार झाली. वडिलांचे हात अजून अवघडतात.

पहिल्या सहा आठवड्यांत फोनवर गुण विचारू नका, असं सांगितलं. विचारायचं ते असं: जेवताना शेजारी कोण बसतं, त्याची खूण कशी करतात, रात्री कुणाला उठवलंस, यंत्र आज किती वेळ घातलंस. पहिले पंधरा-वीस दिवस रडारड झाली तर ती घराच्या ओढीची समजावी आणि लगेच परत आणू नये. झोप उडाली, वजन उतरलं, कॉलवर कुणाकडे तरी बघून उत्तरं द्यायला लागला, किंवा एका विशिष्ट माणसाचं नाव निघताच हात थांबले, तर मात्र सत्र संपायची वाट न बघता त्याच आठवड्यात जाऊन त्याला एकट्याला भेटावं, आणि दुभाषा शाळेबाहेरचा न्यावा.