तिन्हीकडे 35 घालू का?

प्रश्न: सर, खानापूर तालुक्यातनं लिहायलोय. गावच्या डेअरीसाठी लिटर-फॅट नोंदवायचं अँड्रॉइड ॲप केलंय. आता प्ले स्टोअर म्हणतंय टार्गेट (ॲप कोणत्या अँड्रॉइडसाठी केलंय तो आकडा, 35 म्हणजे अँड्रॉइड 15) 35 करा, नाहीतर अपडेट घेणार नाही. बेळगावचा मित्र म्हणतोय कंपाइल, टार्गेट आणि मिन (ॲप चढायला लागणारं कमीतकमी अँड्रॉइड), तिन्हीकडे 35 घाल आणि मोकळा हो. पण आमच्याकडे लोकांचे फोन जुने हायत. वर एक नवी लायब्ररी (दुसऱ्यानं लिहिलेला तयार कोड) मिन 23 मागायलीय, माझं 21 हाय, बिल्डच होईना, म्हणजे ॲपच तयार होईना.

उत्तर: मित्राला चहा पाजा पण त्याचं ऐकू नका. मिन 35 केलं की अँड्रॉइड 15 च्या खालच्या एकाही फोनवर नवं ॲप चढणार नाही, म्हणजे अर्धी डेअरी जुन्याच ॲपवर अडकणार.

कंपाइल एसडीके बिनधास्त 35 करा, तो बिल्डच्या वेळी लागतो, फोनवरचं वागणं सहसा त्याने बदलत नाही. फार तर अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन (बिल्ड करणारं साधन) जुनं असेल तर तेही वर न्यावं लागेल.

खरी मेख टार्गेटमधे आहे. 31 ऑगस्ट 2025 पासून प्लेला नवीन ॲप आणि अपडेट दोन्हीला 35 लागतंय, त्यामुळे करावं तर लागणारच, पण टार्गेट वाढवलं की नव्या फोनवर ॲपचं वागणं बदलतं. 35 केल्यावर अँड्रॉइड 15 च्या फोनवर स्क्रीन पार वर-खालच्या पट्ट्यांखाली पसरते, आणि तुमच्या ॲपात खाली 'सेव्ह' बटण असेल तर ते नेमकं बॅक-होमच्या बटणांखाली जाऊन बसतं, फॅट टाकलं आणि सेव्हच दाबता येईना. जुन्या फोनवर हे दिसणारच नाही, सगळं झकास वाटेल! म्हणून अँड्रॉइड 15 चा एमुलेटर (कॉम्प्युटरवरचा नकली फोन) लावून एकेक स्क्रीन बघा आणि विंडो इन्सेट्सप्रमाणे (त्या पट्ट्यांनी व्यापलेली जागा) पॅडिंग, म्हणजे मोकळी जागा, द्या. टार्गेट 33 च्या खालून येत असाल तर नोटिफिकेशनची परवानगीही आता तुम्हालाच मागावी लागेल.

मिनचं म्हणाल तर 23 म्हणजे अँड्रॉइड 6. प्ले कन्सोलमधे व्हर्जनप्रमाणे किती लोक आहेत ते दिसतं, अँड्रॉइड 5 वाले कोणीच नसतील तर खुशाल 23 करा. असले तरी त्यांच्या फोनवरचं जुनं ॲप पुसलं जात नाही, फक्त नवीन अपडेट मिळत नाही. मॅनिफेस्टमधे (ॲपची माहिती असलेली फाइल) ओव्हरराइड लायब्ररी, म्हणजे लायब्ररीची मिनची अट डावलायची ओळ, लिहून बिल्ड पास करायची आयडिया कोणीतरी देईलच, नको, बिल्ड होतं आणि मग जुन्या फोनवर क्रॅश होऊ शकतं.

आणि मॉड्यूल (प्रोजेक्टचे वेगवेगळे भाग) एकापेक्षा जास्त असतील तर हे आकडे प्रत्येक बिल्ड फाइलमधे वेगळे लिहीत बसू नका, व्हर्जन कॅटलॉगमधे (सगळे आकडे एकत्र ठेवायची फाइल) एकदाच ठेवा आणि तिथनंच सगळीकडे घ्या.