मालकाचं नाव पेटंटवर घालू का?

गाड्या दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये 17 वर्षं फिटरचं काम करणाऱ्या एका वाचकाने लिहिलं आहे. गाडीखाली जायची चाकांची फळी, म्हणजे क्रीपर, त्यांना नेहमी अडचणीची वाटायची. पाना आणायला उठलं की फळी तिथेच राहते, परत येऊन तिच्यावर आडवं व्हायचं. म्हणून त्यांनी अंगावर घालायचा क्रीपर बनवला. दोन्ही नडग्यांवर पट्ट्याने बांधायच्या गादीदार चौकटी, खाली चाकं, आणि छाती टेकवायला एक छोटा पाट, त्यालाही चाकं. असे तीन संच त्यांनी सोबत्यांना वापरायला दिले. दोघांना फुकट, तिसऱ्याने मात्र पैसे दिले. 4 महिन्यांपूर्वी जमिनीवर सरकत काम करतानाचा 50 सेकंदांचा व्हिडिओ त्यांनी कारागिरांच्या ग्रुपवर टाकला. तिथून कुणीतरी तो न विचारता उघड्यावर टाकला आणि तो खूप फिरला. आता मालक म्हणतात, 'पेटंटचा सगळा खर्च मी करतो, नाव दोघांचं टाकू.' वर्कशॉपची हत्यारं बनवणारी एक कंपनी नमुना मागते आहे. वाचक विचारतात: उशीर झाला का? मालकांचं नाव घालू का? नमुना पाठवू का?

नमस्कार. तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर एक परिच्छेद आहे, तो तुम्ही जाता जाता लिहिलाय. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तुम्ही लिहिता की पहिल्या संचाची चाकं कायम खाली असायची. तुमचा हेल्पर पट्टे न सोडता उठायला गेला, पाय पुढे सटकला आणि तो बंपरला धरून वाचला. त्यानंतर तुम्ही चौकट बदलली. आता गुडघा सरळ व्हायला लागला की मांडीच्या पट्ट्याला जोडलेली लिंक, म्हणजे जोडदांडी, ओढली जाते, चाकं वर जातात आणि रबराचा बूट जमिनीला टेकतो. गुडघा पुन्हा वाकला की स्प्रिंग चाकं खाली आणते. हा बदल फक्त तुमच्या स्वतःच्या जोडीवर आहे आणि व्हिडिओत तो कुठेच नाही, कारण व्हिडिओ तुम्ही आधी काढला होता. भाऊ, तुमची मालमत्ता ही आहे, आणि ती अजून शाबूत आहे.

का, ते सांगते. पेटंट कायदा, 1970 नुसार शोध नवा हवा, त्यात कल्पकतेचं पाऊल, म्हणजे जाणकाराला सहज न सुचणारं काही, हवं आणि तो उद्योगात वापरता यायला हवा. नवा म्हणजे अर्जाच्या तारखेआधी जगात कुठेही प्रसिद्ध झालेला किंवा वापरात आलेला नसावा. गुडघ्याला चाकं बांधायची कल्पना या कसोटीवर टिकेल असं मला वाटत नाही. फळीचा क्रीपर जुना, गुडघ्याच्या गाद्या जुन्या, स्केटची चाकं जुनी. अंगावर चाकं घालायची गोष्टसुद्धा नवी नाही. फ्रान्सच्या ज्याँ-इव्ह ब्लोंदो या डिझायनरने 1990 च्या दशकातच हातापायांना, छातीला, पाठीला मिळून तिसेक चाकं लावलेला पोशाख बनवला आणि तो घालून रस्त्यांवरून आडवं झोपून घसरत दाखवलं. पेटंट कार्यालयाचा तपासनीस हे शोधून काढणारच. त्यात कलम 3(फ) आहे: माहितीतली साधनं नुसती एकत्र मांडली आणि प्रत्येक आपापलं काम पूर्वीसारखंच करत राहिलं, तर तो शोध धरला जात नाही. गादी गादीचं काम करते, चाक चाकाचं. तुमच्या पहिल्या संचाला हा आक्षेप नेमका लागू पडतो.

लिंक लावलेल्या तुमच्या नव्या जोडीचं तसं नाही. तिथे माणसाच्या उठण्याच्या हालचालीनेच चाक निकामी होतं आणि ब्रेक लागतो. भाग एकमेकांना हलवतात, आणि त्यातून जो परिणाम मिळतो तो एकट्या चाकात नाही, एकट्या गादीतही नाही. अर्जात हे असंच, याच क्रमाने लिहिलं गेलं पाहिजे. सुप्रीम कोर्टाने 1978 मध्ये विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात भांडी लेथवर धरायच्या एका साधनाचं पेटंट टिकू दिलं नाही. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की कुशल कारागीर नेहमीच्या कामात सहज करेल एवढी सुधारणा पुरेशी नाही. हा निकाल तुमच्यासारख्या हाताने काम करणाऱ्यांना फार जवळचा आहे. म्हणून हेल्पर सटकला तो प्रसंग, त्याआधी तुम्ही काय काय करून पाहिलं, कुठलं जमलं नाही, हे सगळं तारखांसकट वकिलाला सांगा. 'सहज सुचण्यासारखं होतं' या आक्षेपाला उत्तर देताना त्याचा उपयोग होतो.

आता व्हिडिओ. कलम 29 मध्ये एक सवलत आहे: तुमच्याकडून मिळालेली माहिती दुसऱ्याने तुमच्या संमतीशिवाय प्रसिद्ध केली आणि कळल्यावर तुम्ही शक्य तितक्या लवकर अर्ज केला, तर त्या प्रसिद्धीमुळे हक्क जात नाही. पण त्यावर विसंबू नका. ग्रुपवर तो तुम्ही स्वतः टाकला होता, आणि 'कुणाला दाखवू नका' असं लिहिलं नव्हतं. शिवाय व्यापारी वापर आधीच सुरू झाला असेल तर ही सवलत मिळत नाही. तिसऱ्याने दिलेले पैसे मला तिथेच खटकतात. फुकट दिलेले दोन संच चाचणीचे होते असं म्हणता येईल. कलम 32 खाली, अर्जाच्या आधीच्या वर्षभरात उघड्यावर चाचणी घेणं शोधाच्या स्वरूपामुळे गरजेचं होतं हे दाखवता आलं, तर ती माफ असते. विकलेला संच त्यात बसवणं अवघड आहे. पैसे घेतल्याचं लपवू मात्र नका. पहिला संच जगाने पाहिला असं धरून चाला, आणि अर्जातला दावा, म्हणजे हक्काची मागणी, लिंक व रबरी बुटावर उभा करा.

पण त्यासाठी तारीख हवी, आणि तारीख अर्जाचीच लागते. स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाकीट पाठवून ते न फोडता ठेवायचं, असं कुणीतरी तुम्हाला सुचवलंय. त्याने पेटंटचा हक्क मिळत नाही. फार तर कल्पना तेव्हा तुमच्याकडे होती एवढं सिद्ध करायला मदत होईल. तात्पुरता, म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज करा. तो घरबसल्या ऑनलाइन करता येतो, त्यात दावे लिहावे लागत नाहीत, आणि एकट्या व्यक्तीला फी मोठ्या कंपनीपेक्षा बरीच कमी असते. पूर्ण तपशिलाचा अर्ज त्यानंतर 12 महिन्यांच्या आत गेलाच पाहिजे, नाहीतर पहिला अर्ज सोडून दिला असं धरतात.

इथे बरेच जण घाईत एक चूक करतात. प्रोव्हिजनलमध्ये दोन ओळी आणि एक फोटो घालून मोकळे होतात. जे त्यात लिहिलेलं नाही, त्याला ती तारीख मिळत नाही. तुम्ही गुडघा वाकलेला, अर्धा उघडलेला आणि सरळ, अशा तीन स्थितींचं बाजूने दिसणारं चित्र काढा. प्रत्येकात लिंक कुठे आहे, चाक जमिनीपासून किती उचललंय, रबर कधी टेकतं, ते दाखवा. मग स्वतःला विचारा: माझी नक्कल करणारा काय बदलेल? लिंकऐवजी केबल वापरेल? स्प्रिंगऐवजी रबराचा पट्टा? लिंक मांडीऐवजी पोटरीमागे नेईल? सुचेल ते सगळं लिहा. हेच अंगावर बांधून फरशी बसवणारे, वायरिंग करणारे, जमिनीलगत वेल्डिंग करणारेसुद्धा वापरतील, तेही येऊ द्या.

मालकांच्या प्रश्नाला मी जास्त वेळ देणार आहे, कारण तुमचं खरं नुकसान तिथे होऊ शकतं.

आपल्या पेटंट कायद्यात नोकराचा शोध आपोआप मालकाचा होतो असं कुठेही म्हटलेलं नाही. कलम 6 प्रमाणे अर्ज करायचा हक्क खऱ्या आणि पहिल्या शोधकाचा, किंवा त्याने ज्याला हक्क लिहून दिला त्याचा. तुमच्या नेमणुकीच्या पत्राची प्रत मी पाहिली. त्यात फिटरचं काम, वेळ, पगार आणि रजा आहे. शोधांबद्दल एक शब्द नाही. नवीन साधनं बनवण्यासाठीच तुम्हाला ठेवलं असतं, तर मी इतकं ठामपणे बोलले नसते. त्यांच्या भंगारातला पाइप आणि त्यांचं वेल्डिंग मशीन सुट्टीनंतर वापरलं म्हणून ते पाइपाचे पैसे मागू शकतात. शोध त्याने त्यांचा होत नाही.

मग दोघांची नावं टाकायला काय हरकत आहे? कलम 50 वाचा. वेगळा करार नसेल तर पेटंटच्या सहमालकांचा वाटा समान असतो. प्रत्येक सहमालक स्वतःच्या फायद्यासाठी ती वस्तू बनवू आणि विकू शकतो, आणि दुसऱ्याला त्याचा हिशेब द्यावा लागत नाही. मात्र तिसऱ्या कुणाला परवाना द्यायचा किंवा आपला वाटा विकायचा, तर दुसऱ्या सहमालकाची संमती लागते. हे तुमच्या दोघांना लावून पाहा. मालकांकडे जागा, यंत्रं, भांडवल आहे. ते उद्यापासून हजार नग काढतील आणि तुम्हाला एक पैसाही द्यायला बांधील नसतील. तुमच्याकडे कारखाना नाही, तुमचा फायदा परवाना देण्यातच आहे, आणि परवाना मालकांच्या संमतीशिवाय देता येणार नाही. ती हत्यारांची कंपनी उद्या खरोखर तयार झाली तरी मालक नुसतं 'नाही' म्हणून तुम्हाला अडवू शकतील. कागदावर निम्मा वाटा, हातात काही नाही. मालक वाईट हेतूने म्हणत असतील असं मी म्हणत नाही. त्यांनाही हे कलम माहीत नसेल. पण एकदा नाव गेलं की ते काढायला त्यांचीच सही लागेल.

त्यांनी खर्च करायची तयारी दाखवली आहे, त्याचा मान ठेवून दुसरा मार्ग काढा. अर्जदार तुम्ही एकटे. मालकांना लेखी परवाना: त्यांच्या वर्कशॉपमध्ये वापर कायम फुकट, आणि विकायला बनवले तर प्रत्येक नगामागे ठरलेली रॉयल्टी. त्यांनी केलेला खर्च पहिल्या रॉयल्टीतून वळता करून घ्यायचा. हे त्यांना पटेल असं मला वाटतं. पटलं नाही आणि दोघांचीच नावं घालायची वेळ आली, तर अर्जाच्या आधी करार करा की एकाने बनवलं तरी दुसऱ्याला हिशेब द्यायचा आणि परवान्याला विनाकारण नकार द्यायचा नाही. पेटंटमधला वाटा, परवाना यांचे करार लेखी नसतील तर कलम 68 प्रमाणे ते ग्राह्यच नाहीत. चहा पिताना दिलेला शब्द इथे चालत नाही.

एक प्रश्न मात्र स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. गुडघ्याच्या हालचालीला चाक जोडायची कल्पना कुणाची? तुमची असेल तर तुम्ही सांगाल तिथे वेल्डिंग मारणारा हेल्पर शोधक ठरत नाही. पण 'मांडीच्या पट्ट्यालाच लिंक बांध की' हे त्याने सुचवलं असेल, तर शोधक म्हणून त्याचं नाव जायलाच हवं. तो त्याचा हक्क आहे. शिवाय ते गाळलं तर पुढे पेटंटला आव्हान द्यायला दुसऱ्याच्या हाती कारण मिळतं.

कंपनीला नमुना आत्ता पाठवू नका, फोटोही नाही. त्यांना एवढंच कळवा की अर्ज झाल्यावर बोलू. अर्जानंतरही आधी गोपनीयतेच्या करारावर सही घ्या. लिंक मालकांनी पाहिली आहे, त्यांच्याकडूनही 'हे कुणाला दाखवणार नाही' असं दोन ओळींचं तारखेसह लिहून घ्या.

आणखी दोन धोके. संचावर 'पेटंटेड' असं आत्ता लिहू नका. नसलेलं पेटंट आहे असं भासवणं कलम 120 खाली दंडाला पात्र आहे. अर्ज झाल्यावर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' एवढं खरं लिहिता येईल. तसंच, व्हिडिओ पाहून चाकांचे संच विकणाऱ्याला तुम्ही धमकीचं पत्र पाठवायचं म्हणता. हातात पेटंट नसताना अशी धमकी दिली तर कलम 106 खाली तोच तुमच्यावर कोर्टात दावा लावू शकतो. दावा लावायचा तुमचा हक्क पेटंट मिळाल्यावर सुरू होतो. तोवर त्याचा संच विकत घेऊन पावतीसह जपून ठेवा.

परदेशाचा विचार असेल तर 1883 च्या पॅरिस करारामुळे इथल्या पहिल्या अर्जापासून 12 महिने मिळतात. अमेरिका आणि जपान शोधकाने स्वतः आधी दाखवलेल्या गोष्टीला काही अटींवर वर्षभराची सवलत देतात, युरोप फार कडक आहे. तुमचा अर्ज लिंकचा असल्याने तिथेही दार बंद झालेलं नाही. आधी अर्ज इथे करा. परदेशातला अर्ज त्यानंतर 6 आठवडे उलटल्यावर करायचा, किंवा आधी परवानगी घ्यायची.

नवी जोडी आज संध्याकाळी वर्कशॉपमधून घरी न्या. चित्रं या आठवड्यात काढून अर्ज भरून देणाऱ्या तुमच्या पेटंट एजंटकडे द्या, आणि अर्जाची पावती हातात येईपर्यंत ती जोडी घालून कुणासमोर उठू नका.