गारपिटीत घराचे सिमेंट पत्रे फुटले. पूर्ण छप्पर बदलायला किती खर्च येईल? टिन टाकावं की स्लॅब?

भाऊ, तुमचं घर 20 बाय 30 चं, विटामातीचं, कळंब तालुक्यात. दोन उतारांचं छप्पर, त्यावर जुने सिमेंटचे पत्रे, आणि मार्चच्या गारपिटीत त्यातले निम्म्याहून जास्त फुटले. खर्च किती, सरकार किती देईल आणि आता स्लॅबच टाकावा का, असं तुम्ही विचारलं आहे. मी आर्वीकडचा शेतकरी. आमच्या घराचं, कोठ्याचं (गुरांच्या गोठ्याचं) आणि भावकीतल्या काही घरांचं छप्पर करून घेताना मिस्त्रीजवळ उभा राहिलो आहे, त्या भरवशावर लिहितो. भाव सांगेन ते आमच्या बाजारातले, गेल्या उन्हाळ्यातले. लोखंडाचा भाव हलला की हेही हलतात.

आधी आकडा. खालचा सांगाडा शाबूत असेल तर 60,000 च्या आसपास. सांगाडाही नवा करायचा तर लाखाच्या घरात. सरकारी मदत यातला फार छोटा तुकडा आहे, ते पुढे सांगतो.

आता हिशेब. घर 20 बाय 30 म्हणजे 600 चौरस फूट, पण छप्पर तेवढंच नसतं. वळचण दोन्ही बाजूंनी दीड-दीड फूट, शिवाय उतार. एकेक उतार 12 फुटांचा होतो. लांबीत दोन्ही टोकांना एकेक फूट बाहेर धरला तर 32 फूट. म्हणजे 24 गुणिले 32, 768 चौरस फूट. दुकानदाराला 600 सांगून आलात तर पत्रे कमी पडतील आणि दुसऱ्या फेरीचं गाडीभाडं अंगावर येईल. रंगीत टिनपत्रा एकावर एक चढवल्यावर साधारण एक मीटर झाकतो. 32 फुटांना 10 पत्रे, दोन उतारांना 20, प्रत्येक 12 फुटी. झाले 240 फूट. चांगल्या जाडीचा पत्रा मला फुटाला 130 रुपयांनी पडला होता, म्हणजे 31,200. वरच्या आढ्याची टोपी, ज्याला दुकानात रिज म्हणतात, तिचे तीन-साडेतीन हजार. स्क्रू आणि रबरी वायसर दीड-दोन हजार. वेल्डिंगवाल्याची मजुरी चौरस फुटाला 15 धरली तर साडेअकरा हजार. जुने पत्रे उतरवणं, गाडीभाडं, भिंतीचा माथा नीट करणं यात पाचेक हजार जातातच. राहिला पाइप, तो सहा-साडेसहा हजारांचा.

पाइप कशाला, सांगाडा तर आहेच, असं तुम्ही म्हणाल. इथेच बरेच लोक पैसे वाचवायला जातात. सिमेंटचा पत्रा जाड आणि ताठ असतो, त्याच्या खालचे आडवे पाइप किंवा लाकडी फाटे साडेचार फुटांवर असले तरी चालतं. पातळ टिनाला हे अंतर जास्त होतं. माणूस वर चढला की पत्रा दबतो, वारा आला की फडफडतो, आणि फडफडता फडफडता स्क्रूचं भोक मोठं होत जातं. म्हणून प्रत्येक उताराला दोन-दोन ओळी वाढवून घ्याव्या लागतात. 20 फुटी चौकोनी पाइप 7 लागतील. तुमच्या घराला लाकडी फाटे असतील तर एकेकाला टोच्याने टोचून पाहा. टोक सहज आत गेलं किंवा भुगा गळला तर वाळवीने काम केलेलं आहे, त्यावर नवं टिन टाकू नका.

पत्र्याच्या जाडीबद्दल दुकानात जे सांगतात त्यावर जाऊ नका, वजन करा. ज्या पत्र्याची मूळ चादर 1.22 मीटर रुंद आणि 0.50 मिलिमीटर जाड आहे, तो 12 फुटी पत्रा साधारण 17 किलो भरतो. तोच 0.35 चा असेल तर 12 किलो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, रंग तर पातळ पत्र्याचाच जास्त चमकतो. पण 20 पत्र्यांत 100 किलो लोखंडाचा फरक पडतो आणि किलोला 85-90 धरले तर तो आठ-नऊ हजारांचा फरक आहे. पातळ घ्यायचाच असेल तर जरूर घ्या, पण पातळाच्या भावाने घ्या. धान्याच्या काट्यावर एक पत्रा ठेवायला सांगितला की दुकानदाराचं बोलणं आपोआप बदलतं.

गारेने टिन फुटेल का, ही भीती तुमच्या प्रश्नात आहे. बोराएवढ्या, लिंबाएवढ्या गारेने चांगल्या टिनाला पोचे पडतात, भोक सहसा पडत नाही. सिमेंटचा पत्रा तडकतो, कवेलू (कौल) फुटतं. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट असो की 2018 च्या फेब्रुवारीतली, विदर्भात पिकं गेली आणि घरंही उघडी पडली, पण टिनाच्या घरांचं जास्त नुकसान गारेसोबत आलेल्या वाऱ्याने होतं. पत्रा भोकाने जात नाही, आख्खा उडून जातो. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की रंगावर आणि ब्रँडवर घालायचे दोन-चार हजार धरून ठेवण्यावर घाला. कडेच्या, कोपऱ्यांच्या आणि आढ्याजवळच्या ओळींत स्क्रू दाट मारून घ्या, कारण वाऱ्याची ओढ तिथेच सगळ्यात जास्त असते. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर हवा, पाणी वाहतं त्या नाळीत नको. मशीन जोरात दाबून वायसर चिरडला की पहिल्याच पावसात तिथून गळतं. मिस्त्रीला घाई असते, त्यामुळे पहिला पत्रा लागताना तिथे उभं राहा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे भिंत. विटामातीच्या भिंतीत पाइपाचं टोक नुसतं खोचून वर चिखल थापलेला असतो. असं छप्पर वाऱ्यात पत्र्यासकट, पाइपासकट उचललं जातं. दर चार-पाच फुटांवर लोखंडी सळी भिंतीत तीनेक फूट खाली उतरवून, तिच्याभोवती काँक्रीट भरून, वरचं टोक पाइपाला वेल्ड करून घ्या. मजुरीत हजार-दीड हजारांनी वाढ होईल. आणि टिनावर दगड ठेवण्याची आपल्याकडची रीत तर सोडाच. वादळात पत्रा सुटला की तो दगड कुणाच्या तरी अंगणात पडतो.

सरकारी मदतीचं असं आहे. गारपीट आपत्तीच्या यादीत आहे, त्यामुळे घराच्या नुकसानीला मदत मिळते. केंद्राने 2022-23 ते 2025-26 साठी ठरवलेल्या निकषांप्रमाणे सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला 1,20,000, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला 6,500, कच्च्या घराला 4,000, झोपडीला 8,000 आणि घराला लागून असलेल्या कोठ्याला 3,000 रुपये. अंशतःमध्ये बसायलाही निदान 15 टक्के नुकसान दिसावं लागतं. नुसतं छप्पर गेलं आणि भिंती उभ्या आहेत, तर पंचनाम्यात बहुतेक 'अंशतः'च लिहिलं जातं. म्हणजे 60,000 च्या कामात हाती 4,000 ते 6,500. त्यात ताडपत्री आणि थोडी मजुरी निघेल. तरी सोडू नका, आपला हक्क आहे.

पंचनाम्याआधी फुटके तुकडे फेकू नका, एका बाजूला रचून ठेवा. घराच्या आतून वर आभाळ दिसेल असे फोटो काढा, तारीख आणि ठिकाण उमटणारं कॅमेऱ्याचं ॲप मोबाइलवर असतं त्यातून. भिजलेलं धान्य, फुटलेले पत्रे मोजता येतील असाही एक फोटो ठेवा. तलाठी (नवीन नावाप्रमाणे ग्राम महसूल अधिकारी) येतील तेव्हा सही करण्याआधी 'कच्चे' लिहिलंय की 'पक्के' ते वाचा. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर घर कुणाच्या नावाने आहे तेही आजच पाहा. पुष्कळ घरं अजून वारलेल्या बाबांच्या नावावर असतात आणि पैसे तिथेच अडकतात. बँक खातं आधारला जोडलेलं हवं. पीकविम्याचा घराशी संबंध नाही, तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका. घरावर बँकेचं कर्ज असेल तर कर्जासोबत घराचा विमा काढला होता का, ते बँकेत जाऊन विचारा. हप्त्यात पैसे कापले जातात आणि घरच्यांना पत्ताही नसतो.

स्लॅबबद्दल माझं उत्तर नाही असंच आहे. निदान या घरावर नाही. 600 फुटांचा नुसता स्लॅब दीड-पावणेदोन लाखांच्या खाली होत नाही आणि विटामातीची भिंत ते ओझं पेलत नाही. मग पाया खोदून कॉलम आले. तुमच्याकडे काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे उथळ पाया चालत नाही. म्हणजे छप्पर दुरुस्त करायला निघालो आणि घर बांधून बसलो. घरकुलाच्या यादीत नाव असेल तर गोष्ट वेगळी, प्रधानमंत्री आवासचे सपाट भागात 1,20,000 मिळतात. मग आता जमेल तेवढ्या कमी खर्चात पत्रे टाका आणि पैसा नव्या घरासाठी ठेवा.

कवेलू कुणी सुचवलं तर थंडाव्याच्या बाबतीत त्याला तोड नाही, हे खरं आहे. पण तुमच्या छपराला इंग्रजी कवेलू (मंगलोरी कौलं) हजारावर लागतील, त्यांच्याखाली दाट पट्ट्या लागतील, आणि गावात वानरांची टोळी असेल तर वर्षभर फुटके कवेलू बदलत बसावं लागेल. आमच्याकडे कवेलूची घरं टिनाची झाली ती निम्मी वानरांमुळेच. उन्हाळ्यात टिनाखाली जीव नकोसा होतो, त्यावर पांढरा किंवा फिकट रंगाचा पत्रा घ्या आणि खाली हातभर अंतर सोडून बांबूचे तट्टे बसवा. गावात तट्टे विणणारे बुरूड असतील तर त्यांच्याकडून मापाने करून घ्या. गडद निळा-लाल पत्रा फोटोत छान दिसतो आणि मे महिन्यात घरातल्यांना भाजतो.

आता घाई किती करायची ते. गारपिटीनंतरच्या पंधरवड्यात अख्खा तालुका टिनाच्या दुकानात असतो, वेल्डिंगवाला फोन उचलत नाही आणि भाव बोलेल तो. मार्चमध्ये नुकसान झालं तर मृग लागायला अजून वेळ आहे. चांगली जाड ताडपत्री टाका, दोर भिंतीतल्या खुंट्यांना बांधा आणि एप्रिलच्या शेवटी काम काढा. अवकाळीचे एक-दोन झटके ताडपत्रीवर निघतात. पण रोहिणीच्या पुढे ढकलू नका, तेव्हा बियाणं आणि खताला पैसा लागतो आणि छपराचं मागे पडतं ते दिवाळीपर्यंत.

न फुटलेले पत्रेही तपासा, त्यांच्यात केसाएवढ्या भेगा असू शकतात. वरून पाणी शिंपडा आणि वाळू द्या. पत्रा वाळतो पण भेगेतली ओल मागे राहते, काळी रेघ दिसते. तिथे कोळशाने खूण करा. धड निघालेले सात-आठ पत्रे कोठ्याला वापरता येतील. मात्र ते काढताना पत्र्यावर पाय देऊ नका. सिमेंटचा पत्रा वरून शाबूत दिसतो आणि माणसाच्या वजनाने कोसळतो, यात लोक जिवानिशी गेले आहेत. खालच्या पाइपांवर आडवी फळी टाकून तिच्यावरून चाला. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात बसते. तोडण्याआधी पाणी मारा, तोंडाला मास्क बांधा, ग्राइंडरने कोरडं कापू नका. तुकडे शेताच्या बांधावर किंवा विहिरीजवळ टाकायलाही नकोत. याच कारणाने नवे सिमेंट पत्रे, टिनापेक्षा थोडे स्वस्त पडले तरी, मी सुचवत नाही.

आणि मीटरची वायर टिनाला टेकून जाऊ देऊ नका, प्लॅस्टिकच्या पाइपातून घ्या. आजवर ती सिमेंटच्या पत्र्यावर पडून असेल तर काही जाणवलं नसेल, टिनावर तिचं आवरण घासलं गेलं की करंट अख्ख्या छपराला उतरतो.

खालचा सांगाडा लाकडी आहे की लोखंडी, आणि दोन पाइपांमधलं अंतर किती, हे कळवलंत तर 60,000 मध्ये भागेल की जास्त लागतील ते नीट सांगता येईल.