सर्व्हरवर सेव्ह केलेले लॉगिन-पासवर्ड आपोआप गायब का होतात?

तुम्ही लिहिलंय की विंडोज सर्व्हरच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (लॉगिन-पासवर्ड साठवायची विंडोजची तिजोरी) शेअर्ड फोल्डरचा पासवर्ड सेव्ह केला तरी दुसऱ्या दिवशी नोंद सापडत नाही, आणि रात्रपाळीतलं कुणीतरी ती पुसतंय असा टीमला संशय आहे. त्या संशयामुळेच उत्तर लिहायला बसलो.

आमच्याकडे हुबेहूब हेच झालं होतं. रात्रीचा बॅकअप दुसऱ्या स्टोरेजवर कॉपी व्हायचा, त्याचा पासवर्ड बॅकअपच्या अकाउंटखाली सेव्ह केलेला. एके दिवशी हा जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं कॉपीचं काम, 'अ‍ॅक्सेस डिनाइड' देऊन पडला, बघतो तर यादीतली नोंद गुल. मग रोजचंच झालं. आमचे प्रोजेक्ट लीड सकाळी त्या अकाउंटने लॉगिन करायचे, पासवर्ड पुन्हा टाकायचे, जॉब हाताने चालवून लॉगऑफ करायचे. दुसऱ्या दिवशी परत तेच. रात्री सर्व्हरपाशी एकच ऑपरेटर असायचा, म्हणून खापर त्याच्यावर. नवीन पोरगा, कामाला चोख. भर मीटिंगमध्ये त्याला झापलं, त्याचा अ‍ॅक्सेस काढला. त्याच्या सुट्टीच्या रात्रीही जॉब पडला होता, हे मी तिथल्या तिथे सांगितलं. कुणी कानावर घेतलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी.

पुढच्या सकाळी लीड लॉगिन असतानाच मी सी ड्राइव्हचं युजर्स फोल्डर उघडलं. बॅकअपच्या अकाउंटच्या फोल्डरशेजारी 'टेम्प' नावाचं फोल्डर बसलेलं. अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये 1511 क्रमांकाची नोंद: लोकल प्रोफाइल (अकाउंटच्या सेटिंग्ज आणि फाइल्सचा संच) सापडत नाही, तात्पुरत्या प्रोफाइलने लॉगिन करत आहोत. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, प्रोफाइललिस्टखाली तोच एसआयडी (अकाउंटचा ओळख क्रमांक) दोनदा, त्यातल्या एकाच्या शेवटी 'डॉट बॅक' (.bak). अँटिव्हायरसने लॉगिनच्या वेळी प्रोफाइलची रजिस्ट्री फाइल धरून ठेवली होती, त्यामुळे विंडोजने खरं प्रोफाइल बाजूला सारून तात्पुरतं दिलं आणि पुढे तेच देत राहिलं. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये जे काही कराल ते लॉगऑफला पुसलं जातं. म्हणजे लीड रोज पासवर्ड सेव्ह करत होते आणि स्वतःच्याच लॉगऑफने घालवत होते. रजिस्ट्रीचा बॅकअप घेऊन 'डॉट बॅक'वाली रजिस्ट्री की मूळ नावाने जागेवर आणली, स्कॅनमधून ती फाइल वगळली, रीस्टार्ट केला. पासवर्डची जुनी नोंद जशीच्या तशी परत दिसली.

त्या पोराची माफी कुणी मागितली नाही. उलट लीडनी 'कायमचा उपाय' म्हणून पासवर्ड बॅच फाइलमध्ये उघडाच लिहून ठेवला. तेव्हाही मी विरोध केला, आजही करतो. ती फाइल वाचू शकणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पासवर्ड गेला. हा उपाय नाही, बेजबाबदारपणा आहे. जॉबसाठी ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट वापरा, म्हणजे माणसाने पासवर्ड टाकावा न लागणारं अकाउंट. 2012 च्या विंडोज सर्व्हरपासून ती सोय आहे, पासवर्ड डोमेन कंट्रोलर (नेटवर्कवरची सगळी अकाउंट्स सांभाळणारा सर्व्हर) सांभाळतो आणि सेटिंग बदललं नसेल तर दर 30 दिवसांनी तो आपोआप बदलतो. सेव्ह करायला काही उरतच नाही. ज्यांना हे 'फार किचकट' वाटतं त्यांनी सर्व्हर सांभाळूच नयेत. अर्थात स्टोरेज डोमेनमध्ये नसेल तर हे चालणार नाही, तेव्हा क्रेडेन्शियल मॅनेजरवाचून गत्यंतर नाही.

तुमचं कारण वेगळंही असू शकतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये सीएमडीकी लिस्ट (cmdkey /list) ही कमांड चालवून बघा, साठवलेल्या नोंदी दिसतील. नोंदीखाली 'सेव्ह्ड फॉर धिस लॉगऑन ओन्ली' दिसलं तर बहुधा पासवर्ड साठवायला मनाई करणारी ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशीनवर एकदम लागू होणारा नियम) लागू आहे, सिक्युरिटीवाल्यांशी बोला. लोकल अकाउंटचा पासवर्ड अ‍ॅडमिनने रीसेट केला असेल तर आधी साठवलेले पासवर्ड विंडोजला उलगडता येत नाहीत. आणि टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारं विंडोजचं साधन) 'पासवर्ड साठवू नका' वर टिक असेल, तर नोंद जागेवर असूनही टास्कला नेटवर्कवरचं काही मिळत नाही. नोंद एका अकाउंटखाली आणि टास्क दुसऱ्याच अकाउंटने, हे तर तुम्ही आधीच तपासलं असेल.

इव्हेंट लॉग भरला की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. तेव्हा पुढच्या वेळी पासवर्ड गायब दिसला की लगेच नवा टाकू नका, आधी अ‍ॅप्लिकेशन लॉग एक्स्पोर्ट करून घ्या, आणि तो ज्यांना संशय आहे त्यांच्यासमोर उघडा.