मराठी विकिपीडियावरच्या वनस्पतींच्या लेखांना चांगले संदर्भ कसे द्यावेत?

आधी शास्त्रीय नाव पक्कं करा, संदर्भ त्यानंतर. ‘अशोक’ म्हटलं की कुणाला सीता अशोक आठवतो, कुणाला रस्त्याकडेचा उंच, सरळसोट आसुपालव. पहिला शेंगांच्या कुळातला, दुसरा चक्क सीताफळाच्या! नाव चुकलं की उत्तम ग्रंथाचा संदर्भही भलत्याच झाडाला चिकटतो. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या संकेतस्थळावर सध्याचं मान्य नाव कळतं, आसुपालवाच्या शास्त्रीय नावातलं पॉलिअल्थिया आता मोनून झालंय. सह्याद्रीसाठी थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींची नोंद करणारा ग्रंथ, अजूनही कामाचा आहे, नावं तेवढी जुनी. मराठी संज्ञांसाठी विश्वकोश बघा. औषधी गुणांबाबत मात्र कडक राहा. ‘मधुमेह बरा होतो’ असं बिनसंदर्भाचं वाक्य दिसलं की मी तर लगेच काढतो, कारण ते वाचून कुणी गोळ्या बंद करू शकतं.