पाण्याचा माग धरून फिर

प्रिय पोरी,

तुझा मेसेज मिळाला. नोकरी पुण्याची आणि काम घरूनच करायचं, अशी सोय झाल्यामुळे तू साताऱ्याला परत आलीस, हे वाचून फार बरं वाटलं. शेवटी तू विचारलंयस, "सर, कास बघून झालं, ठोसेघर झालं, सज्जनगड तर शाळेच्या सहलीतच झाला. आता रविवारी इथे बघायचं काय?" दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण तुला भूगोल शिकवलाय मी, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

आधी एक सांगतो. ठिकाणांची यादी करू नकोस. यादी घेऊन निघालं की एका रविवारात चार ठिकाणं उरकायची घाई होते. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, फोटो, वडापाव, की पुढे. त्यापेक्षा एक विषय धर आणि त्याच्या मागे मागे जा. आपल्या जिल्ह्यात असा विषय शोधत बसावं लागत नाही. तो पाणी आहे.

नकाशा आठव. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत दहिवडी आहे, आणि त्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. "पर्जन्यछायेचा प्रदेश" तू पाठ केला होतास, पेपरात बरोबर लिहिलाही होतास. आता तो डोळ्यांनी बघ. या शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात माणसांनी पाणी अडवायला, उपसायला, झेलायला आणि पुरापासून वाचायला जे जे केलं, ते जवळजवळ सगळं सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल इतक्या अंतरावर आहे.

पहिल्या रविवारी साताऱ्याजवळच्या लिंब गावाला जा. बारा मोटांची विहीर. मोट म्हणजे बैलांकडून विहिरीतलं पाणी उपसायची चामड्याची मोठी पिशवी. महामार्गावरून शेकडो वेळा तू त्या फाट्यासमोरून गेली असशील. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधून घेतली. शिलालेखात शके १६४१ ते १६४६ असा काळ दिलाय, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. खोली सुमारे एकशे दहा फूट, व्यास सुमारे पन्नास फूट. वरून पाहिलं तर आकार शिवपिंडीसारखा दिसतो: अष्टकोनी मुख्य विहीर, तिला जोडून उपविहीर, आणि दोन्हींच्या मधोमध चक्क एक महाल. जिना उतरून दरवाजातून आत गेलीस की बाहेर कितीही ऊन असो, अंगावर गारवा येतो. खांबांवरची शिल्पं सावकाश बघ. लोक तिथे पाठ करून सेल्फी काढतात आणि निघून जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग वर ये आणि काठावरून एक फेरी मार. मोटा बसवायच्या दगडी जागा मोज. नाव बारा मोटांचं असलं तरी त्या पंधरा भरतील. आता तिथेच उभी राहून डोळ्यांसमोर आण. बैलजोडी धावेवरून, म्हणजे विहिरीपासून उतरत जाणाऱ्या वाटेवरून, उताराला चालत जायची, तिच्यामागे नाडा, म्हणजे जाड दोर, ताणला जायचा आणि भरलेली चामड्याची मोट चाकावरून वर यायची. वर येताच सोंदूर, म्हणजे मोटेच्या सोंडेची बारीक दोरी, ओढला जायचा, मोटेची सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, रिकामी व्हायची आणि पाणी तिथून पाटाला लागायचं. मग बैल उलट्या पावलांनी धाव चढून मागे, आणि मोट पुन्हा खाली. अशा जोड्या एकाच विहिरीवर एका वेळी चालत असतील, तर चाकांचा आवाज, मोटकऱ्यांची गाणी, बैलांच्या गळ्यातले घुंगरू, सगळं मिळून केवढा गलबला असेल! आमराईला पाणी द्यायला ही विहीर बांधली असं सांगतात. जवळ एखादे म्हातारे बाबा बसलेले असले तर शेजारी टेक आणि विचार, "बाबा, तुमच्या लहानपणी मोट चालायची का हो?" हा प्रश्न मी गावोगाव विचारलाय. त्यावर कोणी एका वाक्यात उत्तर देत नाही, आणि तेच हवं असतं.

तिथे पाटीवर नसलेल्या दोन सूचना. काठाला कुठे कुठे शेवाळ असतं, पावसाळ्यात तिथे वाकून फोटो काढू नकोस. आणि आजूबाजूला लोकांची शेतं आहेत, पीक तुडवत जाऊ नकोस.

वाईचा रविवार वेगळा ठेव. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी कृष्णेच्या पात्राला अगदी लागून बांधलं. मूर्ती बघायला सगळे जातात, तूही जा, नमस्कार कर. पण तिथून लगेच फिरू नकोस, वळसा घालून देवळाच्या मागच्या बाजूला ये. मागची भिंत सपाट नाही. माशाच्या आकाराची आहे, टोकाला निमुळती होत गेलेली. पुराचा लोंढा त्या टोकावर दुभागून दोन्ही अंगांनी निघून जावा, म्हणून. नदीकाठी देऊळ बांधताना नदीला वाट कशी द्यायची, याचा विचार त्या बांधणाऱ्यांनी आधी केला होता. मी कितीतरी पोरांना तिथे नेऊन फक्त ती भिंत दाखवली आहे, आणि भिंतीवर हात ठेवून पोरं आपोआप गप्प होतात. घाटाच्या पायाशी साचलेलं प्लास्टिकही त्याच वेळी दिसतं आणि पोटात तुटतं. तेही बघ, नजर चुकवू नकोस.

वाईपासून मेणवली तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि खाली घाट. घाटावर मेणेश्वराचं देऊळ आहे आणि तिथेच एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी देशावर आणल्या, त्यांतली ही एक. कोकणातल्या समुद्रकाठची घंटा कृष्णेच्या काठावर! वाड्यात शिरायला तिकीट आहे, घाट मोकळा. उन्हाळ्यात जाशील तर संध्याकाळी चारनंतर जा, दगड तापलेले असतात.

वेळ उरलाच तर धोमला नृसिंहाच्या देवळात जा. त्याच आवारात महादेवापुढचा नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसवलाय, तोही एका हौदात. हौद भरला की कासव पाण्यावर तरंगत नंदीला घेऊन निघालंय असं वाटतं.

आता मला सगळ्यात आवडणारी सहल सांगतो. तिला मुक्कामाचं ठिकाण असं काही नाही. एसटीत खिडकीशी बसून मेढ्यापासून दहिवडीपर्यंत जायचं, साताऱ्यात आणि पुसेगावला गाडी बदलावी लागली तर बदलायची. स्कूटी घरी ठेव. चालवताना रस्ता बघावा लागतो आणि इथे तर खिडकीबाहेरच सगळं आहे. मेढ्याकडे भाताची खाचरं, नाचणी आणि उतरत्या कौलांची घरं. साताऱ्याच्या आसपास, कृष्णेच्या खोऱ्यात, ऊस, हळद आणि आलं. कोरेगावच्या उत्तरेला घेवडा. तिथल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. पुढे वर्धनगडचा घाट चढलीस की रंग बदलतो. ज्वारी, बाजरी, मटकी आणि कुठे कुठे डाळिंबाच्या बागा. जुन्या घरांची छपरंही सपाट होत जातात, मातीची माळवदं. पाऊस किती पडतो हे छपरांकडे बघून सांगता येतं, हे मी वर्गात बोललो होतो, आठवतं का? फळ्यापेक्षा एसटीच्या खिडकीतून ते चांगलं कळतं.

वर्धनगडला एखाद्या वेळी मुद्दाम उतर. गड लहान आहे, पायथ्याच्या गावातून चढ सोपा आहे, वर वर्धनी मातेचं देऊळ आहे. ऑक्टोबरमध्ये तटावर उभी राहा: पश्चिमेला कोरेगावकडचं खोरं, पूर्वेला खटावचा माळ. जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा जा आणि त्याच जागी उभी राहा. एका जागेला दोन ऋतूंत भेट दे, हे मी तुला प्रत्येक ठिकाणासाठी सांगेन. कासलासुद्धा फुलांच्या गर्दीत जाऊन आलीस ना? आता मे महिन्यात जा. तेव्हा तिथे फक्त तापलेला कातळ असतो आणि त्यावर बोटभर माती. इतक्या कमी मातीत, पावसाच्या चार महिन्यांत, गेंद, तेरडा आणि सीतेची आसवं ही फुलझाडं आपलं सगळं आयुष्य उरकतात, हे रिकामा कातळ बघितल्याशिवाय उमगत नाही. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर हे पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पलीकडचा कास तलाव तर साताऱ्याला पाणी देतो. सकाळी तुझ्या घरी नळाला आलेलं पाणी कुठून आलं, तेही एकदा पालिकेत विचारून बघ.

माणदेशाला घाईत जाऊ नकोस. शिखर शिंगणापूरला मालोजीराजांनी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या आजोबांनी, बांधलेलं तळं आहे. यात्रेला येणाऱ्या माणसांना प्यायला पाणी नव्हतं म्हणून बांधलेलं. आणि त्याच देवाला चैत्र शुद्ध द्वादशीला कावडी येतात. सासवडची तेल्या भुत्याची कावड मुंगी घाटाच्या उभ्या कड्यावरून माणसांनी साखळी करून वर चढवलेली एकदा बघच. जिथे घोटभर पाण्याची किंमत आहे, तिथे लोक दूरच्या नदीचं पाणी खांद्यावर वाहून आणतात आणि शंभू महादेवाला घालतात. ते बघून मी दरवर्षी भारावतो. गर्दी फार असते, घरच्या कोणाला तरी बरोबर घे आणि कड्याच्या वाटेत उभी राहू नकोस.

म्हसवडच्या पुढे माण नदीवर राजेवाडीचा तलाव आहे, दुष्काळी कामातून ब्रिटिश काळात उभा राहिलेला. त्याच्या बांधावर चालत जा. हा बांध ज्यांनी घातला, त्यांच्या घरात त्या वर्षी दाणा नव्हता, एवढं ध्यानात ठेवून चाल.

पाण्याच्या या मागात बसत नाही, पण औंध वगळू नकोस. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली तिथे उभं केलेलं संग्रहालय एवढ्याशा संस्थानात कसं उभं राहिलं याचं आजही नवल वाटतं. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे. आधी यमाईच्या डोंगरावर जा, मग संग्रहालय. दुपारी ऊन डोक्यावर आलं की आत थंड वाटतं. संगम माहुली तर घरापासून पंधरा मिनिटांवर, तिथे एखाद्या संध्याकाळी कामाचा लॅपटॉप मिटल्यावर जा. कृष्णा आणि वेण्णेचा संगम आणि शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी, दोन्ही बघ. कराडला मात्र पूर्ण दिवस दे. कृष्णा आणि कोयना दोघीही महाबळेश्वरातून निघालेल्या, एवढा प्रवास करून प्रीतिसंगमावर समोरासमोर येऊन भिडतात आणि पूर्वेला वळतात. नदीकाठी बसायला जागा आहे, डबा घेऊन जा.

बरोबर काय ठेवायचं तेही सांगून टाकतो. पाण्याची बाटली घरूनच भरून ने. एक साधी वही ठेव; घरी आल्यावर त्यात तीन-चार ओळी लिही, काय बघितलं आणि कोणाशी बोललीस. फोटो काढ, पण माणसांना विचारून. गडांवर आग्या मोहोळं असतात, तिथे अत्तर-परफ्युम लावून जाऊ नकोस आणि मोठ्याने ओरडू नकोस. पावसाळ्यात धबधब्याच्या कठड्यापलीकडे कोणी कितीही बोलावलं तरी जायचं नाही. परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते उतरल्या उतरल्या कंट्रोलरला विचार.

एक ठिकाण मी मागे ठेवलंय. कोरेगाव तालुक्यातलं वेळू. २०१६ साली पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत, म्हणजे पाणी अडवायच्या कामात गावागावांनी केलेल्या चढाओढीत, या गावाने पहिला नंबर मिळवला. गावातल्या बायामाणसांनी श्रमदानाने डोंगरउतारावर समतल चर, म्हणजे एकाच उंचीवरून आडवे जाणारे खंदक, खणले, पडणारा पाऊस शिवारातच मुरवायची धडपड केली. वीरूबाईंची विहीर तीनशे वर्षांपूर्वीची, हे काम तुझ्या डोळ्यांदेखत झालेलं. तिथे जाताना कोणाला काय विचारायचं ते लिंब, वाई आणि माणदेश बघून झाल्यावर तुला आपोआप सुचेल. म्हणून वेळू शेवटी ठेव. आणि जायचं ठरलं की मला दोन दिवस आधी फोन कर. चर खणायला आलेल्यांपैकी काही जण माझे जुने विद्यार्थी आहेत, त्यांना गाठ घालून देतो. आणि गुडघे कुरकुरले तरी त्या डोंगरावर मीही येणार आहे.

तुझा,
सर