परदेशात कारवाई करणाऱ्या सैन्याला मानवी हक्क कायदा लागू होतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. सैन्य दुसऱ्या देशात गेलं की त्याला फक्त जिनिव्हा करार (युद्धातल्या वागणुकीचे आंतरराष्ट्रीय नियम) बांधतात, की स्वतःच्या देशाने स्वीकारलेला मानवी हक्क कायदाही? आणि खुद्द सैनिकाला त्यातून काही संरक्षण मिळतं का?

दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर 'हो' आहे, पण मर्यादा बऱ्याच आहेत. त्यातही एक गैरसमज आधी दूर करतो. मानवी हक्कांचे करार सरकारला बांधतात. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात आरोपीच्या पिंजऱ्यात जवान उभा नसतो, तिथे प्रतिवादी असतं त्याचं सरकार. जवानावर खटला चालतो तो त्याच्या देशाच्या लष्करी किंवा फौजदारी कायद्याखाली, किंवा युद्धगुन्ह्यांसाठी. 'वकील आमच्या पोरांना तुरुंगात घालायला निघालेत' अशी ओरड ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं चालली, तीत हा फरक सोयीस्करपणे गाळला जायचा.

सगळा वाद एका मुद्द्यावर येऊन अडतो: ती व्यक्ती त्या देशाच्या अधिकारक्षेत्रात होती का? हे न्यायालय ज्याच्या आधारे निवाडे देतं तो युरोपीय मानवी हक्क करार म्हणतो, जे कोणी तुमच्या अधिकारक्षेत्रात असतील त्यांचे हक्क जपा. मग हजारो मैलांवरच्या परक्या शहरातला नागरिक तुमच्या अधिकारक्षेत्रात कधी येतो?

हे समजून घ्यायला दक्षिण इराकमधल्या बसरा शहरातलं प्रकरण सगळ्यात चांगलं. 2003 मध्ये दक्षिण इराक ब्रिटिश फौजेच्या ताब्यात असताना मेलेल्या सहा जणांच्या नातेवाइकांनी दावा केला. कोणी गस्तीवरच्या सैनिकांच्या गोळीने गेला, कोणी घरावरच्या धाडीत. एका पंधरा वर्षांच्या मुलाला सैनिकांनी पाण्यात उतरायला लावल्याने तो बुडाल्याचं वडिलांचं म्हणणं होतं. सहावा बहा मूसा, हॉटेलातला रिसेप्शनिस्ट. तो ब्रिटिश कोठडीत मेला आणि त्याच्या अंगावर 93 जखमा सापडल्या. 2007 मध्ये लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने (ब्रिटनचं तेव्हाचं सर्वोच्च न्यायपीठ) निकाल दिला की करार लागू होतो तो एकट्या बहा मूसाला, कारण तो लष्करी कोठडीत होता. तेवढं सरकारनेही मान्य केलं होतं. बाकीचे पाच रस्त्यावर किंवा घरात मेले, त्यांचं काही नाही!

म्हणजे पकडून मारलंत तर हक्कभंग आणि लांबून गोळी घातलीत तर नाही. 2011 मध्ये स्ट्रासबर्गने हे फिरवलं. बसऱ्यात सुरक्षा राखण्याचं काम, जे एरवी तिथलं सरकार करतं, ते ब्रिटनने अंगावर घेतलं होतं. त्यामुळे त्या कारवायांत मेलेले लोक ब्रिटनच्या अधिकारक्षेत्रातच होते, असं न्यायालयाने म्हटलं. ब्रिटनचा दोषही नेमका सांगितला: पहिल्या पाच मृत्यूंची स्वतंत्र, परिणामकारक चौकशीच झाली नव्हती. माझ्या मते या कायद्याचा सगळ्यात उपयोगी भाग हाच. गोळी योग्य होती की नाही हे नंतर ठरेल, पण ती झाडणाऱ्या तुकडीच्याच वरिष्ठांनी फाइल बंद करायची नाही.

मात्र चौकशी केली की सरकार सुटूही शकतं. 2009 मध्ये अफगाणिस्तानातल्या कुंदुझजवळ तालिबानने पळवलेल्या दोन इंधन टँकरांवर जर्मन कर्नलच्या आदेशावरून बॉम्ब टाकले गेले आणि बरेच नागरिक मेले. 2021 मध्ये स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने पाहिलं ते जर्मनीने तपास नीट केला का एवढंच, आणि तो पुरेसा ठरवला.

हवाई हल्ल्यांबाबत न्यायालय मुळातच कचरत आलं आहे. 1999 मध्ये नाटोने बेलग्रेडच्या सरकारी टीव्ही केंद्रावर बॉम्ब टाकला, 16 माणसं मेली. 2001 मध्ये नातेवाइकांची याचिका दारातूनच परत गेली: विमानातून बॉम्ब टाकल्याने खालचा माणूस तुमच्या अधिकारक्षेत्रात येत नाही. 2008 च्या रशिया-जॉर्जिया युद्धातल्या पाच दिवसांच्या लढाईबद्दलही 2021 मध्ये तसंच झालं. लढाईच्या गोंधळात कोणाचंच नियंत्रण नसतं, हे त्यामागचं कारण. मला ते कधीच पटलं नाही. ज्याच्या हातात बॉम्बचं बटण आहे त्याचं खालच्या माणसाच्या जिवावर नियंत्रण नाही, असं कसं म्हणायचं? जुलै 2025 मध्ये युक्रेनच्या खटल्यात न्यायालय बरंच पुढे आलं आणि रशियाच्या योजून केलेल्या हल्ल्यांची जबाबदारी त्याने रशियावर टाकली. रशिया त्याआधीच, 2022 मध्ये, करारातून बाहेर पडलेला.

हे सगळं युरोपापुरतं. संयुक्त राष्ट्रांच्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारावर देखरेख करणारी समितीही म्हणते की माणूस तुमच्या ताब्यात असेल तर जागा कोणतीही असो, हक्क लागू. अमेरिका मात्र आपल्या भूमीबाहेर तो करार लागू होतो हेच मान्य करत नाही.

जिनिव्हा करार यामुळे बाद होत नाहीत. युरोपीय करारात अटकेच्या कारणांची जी यादी आहे तीत युद्धकैदी नाहीत. तरी 2014 मध्ये एका इराकी कैद्याच्या खटल्यात न्यायालयाने दोन्ही कायदे एकत्र वाचले आणि युद्धात कैदी ठेवणं बेकायदा नाही असं सांगितलं. छळाला मात्र युद्धातही सूट नाही.

आता सैनिकाबद्दल. इराकमध्ये स्नॅच लँड रोव्हर या जुजबी चिलखताच्या गाड्यांखाली बॉम्ब फुटून ब्रिटिश सैनिक मेले. घरच्यांचं म्हणणं होतं की धोका माहीत असून सरकारने चांगल्या गाड्या दिल्या नाहीत. 2010 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात म्हटलं होतं की तळाबाहेर पडलेल्या सैनिकाला करार लागू नाही. 2013 मध्ये त्याच न्यायालयाने ते बदललं: सैनिक जिथे जाईल तिथे आपल्या देशाच्या हुकमतीतच असतो, म्हणून जगण्याचा हक्कही त्याच्यासोबत. चकमकीत घेतलेले निर्णय आणि अगदी वरच्या पातळीवरची धोरणं यांत न्यायालयं शक्यतो हात घालणार नाहीत, पण साधनसामग्री आणि प्रशिक्षण यांसारख्या मधल्या बाबी तपासता येतील. त्या दाराने कुटुंबांना खटला पुढे नेता आला आणि 2017 मध्ये संरक्षणमंत्र्यांनी गाड्या बदलायला झालेल्या उशिराबद्दल लेखी माफी मागितली.